देश, काल आणि ताट

प्रवासात स्थानिक अन्नाचा आस्वाद घ्यावा, हे मत आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याच्या बाजूने युक्तिवाद करण्याची गरज उरलेली नाही. मात्र स्थानिक म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आला की बहुतेक प्रवासी, प्रवासवर्णनकार आणि पर्यटन खात्यांची पत्रके केवळ स्थळाचा विचार करून थांबतात. आग्र्याचा पेठा, मथुरेचा पेढा, रतलामची शेव, लोणावळ्याची चिक्की अशी गावागणिक पदार्थ जोडलेली यादी प्रवाशांच्या तोंडी असते, आणि त्या गावी पोहोचून तो पदार्थ एकदा तोंडात टाकला की त्या गावाच्या अन्नाशी ओळख झाली, असे गृहीत धरले जाते. यादीतले हे पदार्थ बहुतांशी टिकाऊ आहेत, ते पुड्यांत बांधून घरी नेता येतात आणि वर्षाच्या कोणत्याही दिवशी विकत मिळतात, म्हणूनच तर ते यादीत आले. या देशातील स्थानिक अन्नाचा त्याहून मोठा आणि चवीने अधिक संपन्न असा भाग मात्र पत्त्याइतकाच वेळेला बांधलेला आहे. एखादा पदार्थ थंडीच्या दोन-तीन महिन्यांपुरता असतो, एखादा सूर्य वर येईपर्यंतच टिकतो, एखादा दुकाने बंद झाल्यावर सुरू होतो, आणि ज्याने गाव अचूक गाठले पण वेळ चुकवली, त्या प्रवाशाच्या वाट्याला पदार्थाचे केवळ नाव येते.

आयुर्वेदाने ही गोष्ट फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराचा परिणाम ठरवणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या असून त्यांना आहारविधिविशेषायतने असे नाव दिले आहे: प्रकृती म्हणजे पदार्थाचा मूळ स्वभाव, करण म्हणजे त्याच्यावर केलेला संस्कार, संयोग म्हणजे पदार्थांचे एकमेकांशी मिसळणे, राशी म्हणजे प्रमाण, त्यानंतर देश आणि काल, मग उपयोगसंस्था म्हणजे खाण्याचे नियम, आणि शेवटी उपयोक्ता, म्हणजे स्वतः खाणारा माणूस. ग्रंथकाराला चिंता आरोग्याची होती, रसास्वादाची नव्हे, आणि प्रवाशासाठी तर ही यादी मुळीच केलेली नव्हती. तरीही देश आणि काल यांना शेजारी शेजारी बसवून, आणि खाणाऱ्यालाही त्याच पंक्तीत आणून, तिने जो विचार मांडला आहे तो आजच्या कोणत्याही खाद्यपर्यटनाच्या पुस्तिकेपेक्षा अधिक नेमका आहे.

काशीतील मलइयो हा पदार्थ या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. दूध मोठ्या कढईत तापवून निववले जाते, रात्री उघड्या गच्चीवर दवात ठेवले जाते आणि पहाटेच्या अंधारात रवीने घुसळून त्यावर येणारा फेस अलगद काढून घेतला जातो. त्यात साखर, वेलची आणि केशर असते, आणि तो कुल्हडमध्ये, म्हणजे मातीच्या लहान भांड्यात, वरून पिस्त्याचे काप घालून दिला जातो. चमच्यावर घेतलेल्या फेसाला वजन जवळजवळ नसते. तो जिभेवर ठेवताच बसतो, चावण्याचा प्रश्नच येत नाही आणि गिळण्यासारखेही फार काही उरत नाही, फक्त केशराचा वास आणि थंडपणा मागे राहतो. फेस संपला की विक्रेता त्याच कुल्हडमध्ये थोडे केशरी दूध ओततो आणि तिथे तो पदार्थ पूर्ण होतो. चौखंबा आणि ठठेरी बाजार यांच्या गल्ल्यांत सकाळी लागणारी ही मोठाली पातेली ऊन चढू लागले की रिकामी झालेली असतात, कारण उन्हात फेस बसतो आणि बसलेला फेस कोणी विकत घेत नाही. लोकसमजुतीप्रमाणे ही किमया दवाची आहे. अन्नशास्त्र मात्र तिचे श्रेय थंडीला देईल, कारण गारठ्यात दुधातील स्निग्धांश अंशतः घट्ट होतो आणि त्यामुळे हवेचे बुडबुडे धरून ठेवता येतात. दवाकडून हे श्रेय काढून घेण्याची काशीत कोणाला घाई नाही, आणि खाणाऱ्यालाही ती असू नये. लखनौची मक्खन मलाई आणि जुन्या दिल्लीची दौलत की चाट ही याच फेसाची भावंडे. पण थंडीबाहेर तीही दिसत नाहीत. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असल्यामुळे महाराष्ट्रातील यात्रेकरूंचे पाय शतकानुशतके या भागाला लागत आले आहेत, परंतु शाळांच्या सुट्ट्या पाहून मे महिन्यात काशीला जाणाऱ्या कुटुंबाला तेथे उत्तम लस्सी मिळते, कचोरी-जिलेबी मिळते, मलइयो मिळत नाही.

थंडीचा हा अधिकार शेतातही चालतो आणि तो मराठी वाचकाला नव्याने सांगावा लागत नाही. ज्वारीचे कणीस दाण्यात दूध भरल्यानंतर आणि दाणा कडक होण्यापूर्वी खुडले, तरच त्याचा हुरडा होतो. गुळभेंडीसारख्या खास हुरड्याच्या वाणालाही ही मुदत चुकवता येत नाही. सोलापूर आणि मराठवाड्याच्या पट्ट्यात आगटीत, म्हणजे जमिनीत खणलेल्या उथळ खड्ड्यात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणसे भाजतात, ती तळहातांवर चोळून, फुंकर मारून भुसा उडवतात आणि गरम दाणे शेंगांच्या नाहीतर लसणाच्या चटणीबरोबर, सोबतीला गूळ आणि दही घेऊन, खातात. हाच पदार्थ सुरतेत पोंक या नावाने हिवाळ्यात विकायला येतो, आणि तापीकाठच्या त्या शहरात त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची बारीक शेव, साखरेचे दाणे आणि पोंकाचे वडे खाल्ले जातात. एकच कोवळी ज्वारी. पण सोलापूरकडे ती शेताच्या बांधावर बसून, हात काळे करून खाण्याची गोष्ट राहिली, तर सुरतेने तिला शहराच्या बाजारात आणून तोलून विकले. एका ठिकाणी खाणारा पदार्थाकडे जातो, दुसरीकडे पदार्थ खाणाऱ्याकडे येतो, मात्र दाण्यात दूध कधी भरावे हे दोन्ही ठिकाणी थंडीच ठरवते. अलीकडे पुण्या-मुंबईच्या माणसांसाठी हुरडा पार्ट्या भरवणाऱ्या कृषिपर्यटन केंद्रांनी टप्प्याटप्प्याने पेरणी करून हंगाम थोडा लांबवला आहे, आणि गोठवलेला हुरडाही आता बाजारात येतो. हे दोन्ही उद्योग शेतकऱ्याला चार पैसे मिळवून देतात, त्यामुळे त्यांच्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. तरी गोठवलेल्या हुरड्याला निखाऱ्याचा वास येत नाही, हेही खरे आहे.

बंगालच्या दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातील जयनगर गावाचा मोआ हे या व्यवस्थेचे अधिक गुंतागुंतीचे रूप आहे, कारण तेथे दोन हंगाम एकत्र यावे लागतात. मोआ म्हणजे लाह्यांचा मऊ लाडू; त्यासाठी कनकचूर नावाच्या सुवासिक भाताच्या लाह्या लागतात आणि त्या नोलेन गुरात, म्हणजे खजुरीच्या रसाच्या नव्या गुळात, वळाव्या लागतात. हा रस काढणाऱ्याला तिकडे शिऊली म्हणतात. थंडी पडू लागली की तो खजुरीच्या माथ्यालगत खोडाला चीर देऊन मडके अडकवतो, रात्रभर रस ठिबकू देतो आणि उजाडण्यापूर्वी मडके उतरवतो, कारण ऊन लागलेला रस आंबू लागतो. झाडाला काही दिवस विसावा देऊन पुन्हा चीर दिली की पहिल्या रात्री येणारा रस सर्वांत चांगला मानला जातो आणि त्याचा गूळ महाग विकला जातो. उसाच्या गुऱ्हाळावर काहिलीभोवती उभे राहून काकवी चाखलेल्या कोल्हापूरच्या माणसाला हा सारा व्यवहार ओळखीचा वाटेल, पण नोलेन गुराचा धुरकट, किंचित कडसर वास त्याला अनोळखी वाटेल, आणि असे अर्धे ओळखीचे, अर्धे अनोळखी अन्न समोर येणे हा देशातल्या देशात हिंडण्याचा मोठाच लाभ आहे.

जयनगरच्या मोआला २०१५ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. भौगोलिक निर्देशांक म्हणजे एखाद्या वस्तूचे गुण किंवा लौकिक विशिष्ट प्रदेशाशी निगडित आहेत अशी कायदेशीर नोंद. त्यासाठीचा भारतातील कायदा १९९९ मध्ये संमत झाला, २००३ मध्ये अमलात आला आणि दार्जिलिंगचा चहा ही त्याखालील पहिली नोंद ठरली. हैदराबादची हलीम, बिकानेरचा भुजिया, तिरुपतीचा लाडू अशी अनेक खाद्ये पुढे या नोंदवहीत आली. नक्कल रोखण्यासाठी हा कायदा उपयुक्त आहे यात शंका नाही, पण त्याने नकाशा मानला आणि पंचांग बाजूला ठेवले, असे म्हणावेसे वाटते. त्याची संपूर्ण रचनाच उत्पादनाच्या प्रदेशाभोवती आहे, त्यामुळे हद्द आखून दिली की पदार्थाची राखण झाली, असा समज सहज होतो. कनकचूरच्या लाह्या आणि नवा गूळ ज्या आठवड्यांत एकत्र येतात, त्या आठवड्यांचे संरक्षण कोणताही कायदा करू शकत नाही. ते खजुरीची झाडे आणि त्यांवर चढणारे शिऊली शिल्लक राहण्यावर अवलंबून आहे. हलीमच्या बाबतीत तर काळाचा भाग आणखी स्पष्ट आहे. गहू, डाळी आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून एकजीव केलेला हा पदार्थ हैदराबादेत रमजानच्या संध्याकाळी रोजा सुटल्यानंतर रस्तोरस्ती मिळतो, आणि दिवसभर भट्ट्यांवर चढलेल्या हंड्यांभोवती त्या वेळी जी गर्दी उसळते ती त्या चवीचाच एक घटक असते. श्रीनगरच्या जुन्या भागातील हरिसा त्याचा नातलग. रात्रभर मंद आचेवर शिजलेले मांस आणि तांदूळ तेथे हिवाळ्याच्या सकाळी, गरम रोटीबरोबर, कामाला लागण्यापूर्वी खाल्ले जातात, आणि उन्हाळ्यात दल सरोवर पाहायला गेलेल्या पर्यटकाला त्याचा वासही लागत नाही.

ऋतूचे बंधन तरी निसर्गाने घातलेले असते. शहरे मात्र आपले घड्याळ स्वतःच लावून घेतात. मराठी माणसाला इंदूर हे या बाबतीत सर्वांत जवळचे उदाहरण, कारण होळकरांच्या राज्यामुळे त्या शहराच्या स्वयंपाकघरात मराठी आणि माळवी अशा दोन्ही सवयी नांदल्या. तेथील पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात, त्यांना बडीशेपेचा स्वाद असतो, आणि देताना वरून बारीक शेव, कच्चा कांदा आणि जिरावन नावाचा आंबट-तिखट कोरडा मसाला भुरभुरला जातो. सोबत जिलेबी असते. घरच्या कांदेपोह्यांची सवय असलेल्या माणसाला पहिला घास थोडा कोरडा, थोडा गोडसर लागतो, आणि आपले पोहे असे नसतात हे वाक्य त्याच्या ओठांवर येते, पण हे पोहे त्याचे नाहीतच, सकाळी कामाला निघालेल्या इंदूरकराचे आहेत. त्याच शहरात सोन्याचांदीच्या पेढ्या असलेला सराफा बाजार रात्री दुकाने बंद झाली की खाण्याच्या गाड्यांनी भरतो. दिवसा जेथे तोळ्यांचे भाव होतात त्याच ओट्यांसमोर मग भुट्टे का कीस, म्हणजे किसलेला कोवळा मका दुधात शिजवून केलेला पदार्थ, आणि थंडीत गराडू, म्हणजे तळून मसाला लावलेला कंद, यांची विक्री मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. संध्याकाळी सातला हॉटेलात जेवून दहाला झोपणारा प्रवासी सराफ्यात जाऊन आलेला असू शकतो, पण त्याने पाहिलेला बाजार दागिन्यांचा.

गोव्यात घड्याळाचे हे काम पोदेराकडे आहे. पोदेर म्हणजे पाववाला. तो पहाटे आणि पुन्हा दुपार कलल्यावर सायकलला टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो, आणि त्या भोंग्यावर घरोघरची न्याहारी आणि चहा ठरतो. कोंडा लावलेली पोकळ पोळी म्हणजे पोयी आणि कडक सालीचा गोल उंडो हे भट्टीतून निघाल्यावर काही तासांत खायचे पाव आहेत; दुसऱ्या दिवशीचा उंडो चिवट होतो. किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात दुपारी बाराला न्याहारी मागणाऱ्या पर्यटकाला पाव मिळतो तो बहुधा लादीपाव.

मानवी सोयीपासून सर्वांत दूर असलेले घड्याळ पुरीच्या जगन्नाथ मंदिरात आहे. मंदिराचे स्वयंपाकघर, ज्याला रोषघर म्हणतात, लाकडाच्या आगीवर आणि मातीच्या भांड्यांत चालते. चुलीवर भांड्यावर भांडे रचून उतरंड केली जाते आणि वाफेवर सारे शिजते, आणि सर्वांत वरचे भांडे आधी शिजते अशी भाविकांची श्रद्धा आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची, फुलकोबी या बाहेरून आलेल्या भाज्यांना तेथे आजही प्रवेश नाही, कांदा-लसणाचा तर प्रश्नच नाही. तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा, स्निग्धपणा तुपाचा आणि नारळाचा. पोर्तुगीज या देशात येण्यापूर्वीचे ताट कसे लागत असावे याचा अंदाज घ्यायचा तर याहून चांगली जागा सापडणे कठीण. नैवेद्य जगन्नाथाला आणि त्यानंतर विमलादेवीला दाखवला की त्याला महाप्रसाद म्हणतात, आणि मंदिराच्या आवारातील आनंदबाजारात तो मडक्यांसह विकायला येतो. भाताला तेथे अबढा म्हणतात. त्याच्याबरोबर डाळ, मोहरी वाटून केलेली बेसर भाजी, आंबटगोड खट्टा आणि खीर असते. केळीच्या पानावर जमिनीवर बसून, ओळखीचे-अनोळखी सर्वांनी एकत्र खायचे, एकाच मडक्यातून वाढून घ्यायचे, त्यात उष्टे मानायचे नाही आणि जात विचारायची नाही, असा तेथला दंडक आहे. भात साधा असतो, थोडा चिकट, मातीच्या भांड्याचा आणि लाकडाच्या धुराचा वास धरलेला. डाळीत फोडणीचा चरचरीत झणका नसतो. पहिल्या घासाला हे अन्न मराठी जिभेला सपक वाटते आणि तिसऱ्या-चौथ्या घासाला तूप, नारळ आणि मूळ धान्य यांची चव वेगवेगळी कळू लागते.

हा महाप्रसाद केव्हा मिळेल हे मात्र कोणी निश्चित सांगत नाही. देवाचे विधी क्रमाने होतात, एकाला उशीर झाला की पुढचे सारे लांबतात, आणि जेवण दुपारी मिळायचे ते संध्याकाळवर जाते. उपाहारगृहात वाट पाहणारा गिऱ्हाईक असतो, येथे त्याला कोणतीही तक्रार करण्याची जागा नसते. मराठी तीर्थयात्रेच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर या ताटाचे महत्त्व अधिक आहे. सोवळे सांभाळणारा यात्रेकरू पूर्वी दशम्या, धपाटे, मेतकूट अशी शिदोरी बांधून निघे, ती संपली की शिधा घेऊन स्वतःच्या हाताने शिजवे, आणि परक्याच्या चुलीवरचे अन्न खाण्यापेक्षा उपास पत्करी. पूर्ण देश पायी हिंडूनही अशा माणसाच्या ताटातून त्याचा गाव हलत नसे. पुरीत त्याला हे सोवळे बाजूला ठेवावे लागे, कारण तेथे परके अन्न नाकारणे हाच दोष ठरला असता.

ही शिदोरीची वृत्ती संपली असे मानण्याचे कारण नाही. तिने फक्त वाहन बदलले. मराठी सहल कंपन्या आपल्याबरोबर स्वयंपाकी आणि सामान घेऊन निघतात, आणि मनालीच्या थंडीत वरणभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड-पुरी वाढली जाते ही गोष्ट जाहिरातीत अभिमानाने सांगितली जाते. या प्रथेची टिंगल करणे सोपे आहे, आणि ती बरीच झालीही आहे. परंतु उपयोक्त्याचा विचार करायचा तर हे ओळखावे लागते की त्या बसमध्ये मधुमेह सांभाळणारे, दात गमावलेले, पोटाची धास्ती घेतलेले लोक असतात, आणि अशाही स्त्रिया असतात ज्यांनी आयुष्यभर रोज दोन वेळा इतरांना गरम पोळी वाढली आणि ज्यांना ती पहिल्यांदाच कोणी आयती वाढत आहे. त्यांच्यासाठी प्रवासाचे सुख सिड्डूत, म्हणजे हिमाचलातल्या वाफवलेल्या, खसखस-अक्रोडाच्या सारणाच्या रोटीत, नसून आयत्या पानात असेल, तर त्यांना दोष देणारा कोण? आक्षेप घ्यायचाच तर तो वेळापत्रकावर घेता येईल. सकाळी आठला न्याहारी, नऊला बस, दीडला जेवण, आठला पुन्हा जेवण, असा दिवस बांधला की मलइयोची पहाट, पोदेराचा भोंगा, सराफ्याची रात्र आणि पुरीची अनिश्चित दुपार या साऱ्यांना दार बंद होते. मग स्वयंपाकी बरोबर असला काय आणि नसला काय, फारसा फरक पडत नाही. स्वतःला चोखंदळ समजणारा, मोबाईलवरील याद्या पाहून नामांकित दुकानांच्या रांगेत उभा राहणारा एकटा प्रवासीही अनेकदा याच वेळापत्रकाने चालतो, फक्त त्याच्या ताटात वरणभात नसतो.

वेळेचे एक चौथे रूप यंत्राने निर्माण केले, आणि ते आता झपाट्याने पुसले जात आहे. भोर घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. या चढाचे प्रमाण सदतीस फुटांना एक फूट इतके तीव्र असल्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेत बँकर म्हणतात, कर्जतला जोडावी लागतात. ती जोडेपर्यंत गाडी थांबते, आणि त्या थांब्याच्या मिनिटांवर कर्जतचा बटाटेवडा उभा राहिला. वडा सांडशीने उचलून कागदात टाकणे, लसणाच्या कोरड्या चटणीची पूड शिंपडणे, खिडकीच्या गजांतून सुटे पैसे घेणे हे सारे त्या मिनिटांत बसवलेले असते. वडा असा लहान, कोरडा, हातात मावणारा आणि रस्सा नसलेला का आहे, याचे उत्तर कोणत्याही पाकशास्त्रापेक्षा बँकर जोडण्याच्या कामात सापडते. कर्नाटकातील मद्दूर वड्याची कथाही अशीच आहे. बंगळूर आणि म्हैसूर यांच्या मध्ये मद्दूर स्थानकावर वाफेचे इंजिन पाण्यासाठी थांबे, आणि तेथील उपाहारगृहात १९१७ च्या सुमारास तांदळाचे पीठ, रवा, मैदा आणि भरपूर कांदा घालून थापलेला हा चपटा वडा आकाराला आला असे सांगितले जाते. तो चपटा असल्याने लवकर तळून होतो, खुसखुशीत असल्याने चटणीवाचूनही खाता येतो आणि प्रवासभर टिकतो.

विजेच्या इंजिनाला पाणी लागत नाही, आणि घाट चढण्यासाठी पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन असलेल्या गाड्या आल्यापासून त्यांना कर्जतला बँकरसाठी थांबण्याचेही कारण उरलेले नाही. बंगळूर-म्हैसूर नवा द्रुतगती मार्ग २०२३ मध्ये खुला झाला आणि तो मद्दूर गावाला वळसा घालून जातो. जुन्या रस्त्यावरच्या खाणावळींनी गिऱ्हाईक घटल्याची तक्रार केली, ती साहजिक होती. वडा अजून मद्दूरमध्येच होतो आणि कर्जतचा वडाही फलाटावर मिळतो, त्यांचा पत्ता कोणी हिरावून घेतलेला नाही. पण गाडी न थांबल्यामुळे आता तो विकत घेण्यासाठी मुद्दाम त्या स्थानकावर थांबणारी गाडी निवडावी लागते, किंवा द्रुतगती मार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागावे लागते, आणि असे करणारा प्रवासी त्या वड्यासाठी जो अर्धा तास मोजतो, तो पूर्वी रेल्वे प्रत्येकाला तिकिटातच देत असे.